प्रिंटरमध्ये सारखा कागद अडकतोय? आधी तो कुठे थांबतोय ते बघा

लेझर प्रिंटरमध्ये जॅम झाला की आपण सगळे एकच करतो, झाकण उघडलं, कागद ओढला, झाकण लावलं, परत प्रिंट, आणि पाच-दहा पानांनी परत तेच. मग कोणीतरी सांगतं कार्ट्रिज बदला. प्लीज लगेच बदलू नका. पुढच्या वेळी अडकला की कागद ओढायच्या आधी त्याची पुढची कड कुठपर्यंत पोचलीय ते नीट बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि असं तीन-चार वेळा करा. दर वेळी एकाच जागी थांबत असेल तर बिघाड तिथेच आसपास आहे.

कागद ट्रेमधून निघतच नाही किंवा जरासा सरकून थांबतो, तर बहुतेक वेळा पिकअप रोलर, म्हणजे ट्रेमधला कागद उचलणारा रबरी रोलर. रबर चकचकीत गुळगुळीत झालं की त्याला पकड राहत नाही. न धागे सुटणारं कापड पाण्यात किंचित ओलं करून पुसा, वाळू द्या. पुसल्यावर दोन दिवस नीट चालून परत अडकायला लागला तर रबर झिजलंय, रोलर आणि खालचं सेपरेशन पॅड (एका वेळी एकच कागद पुढे जाऊ देणारी पट्टी) दोन्ही एकदमच बदला.

दोन-तीन कागद एकत्र ओढले जात असतील तरी आधी पॅडच बघा. पण पॅड नवीन टाकूनही तेच होत असेल तर सोलेनॉइड (रोलरला फिरायला सोडणारं विजेचं छोटं चुंबक) बघा, हे पटकन कोणाला सुचत नाही. कागद उचलताना जो टक आवाज येतो ना, तो त्याचा. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच्या पत्रीखाली फोमचा छोटा तुकडा असतो, तो जुना झाला की चिकट होतो, पत्री उशिरा सुटते, रोलर जास्तीचा फिरतो आणि मागचा कागदही आत येतो. प्लग काढून तो चिकटा खरवडायचा आणि तिथे पातळ फेल्टचं कापड लावायचं.

कागद मधेच थांबलाय आणि अक्षरं बोटाने पुसली जातायत, म्हणजे तो फ्यूजरपर्यंत (टोनरची पूड उष्णतेने कागदावर पक्की करणारा भाग) पोचलाच नाही. कार्ट्रिज काढून खाली कागदाचा तुकडा राहिलाय का बघा (कार्ट्रिजमधला ड्रम, म्हणजे चकचकीत नळकांडं, उजेडात उघडा ठेवू नका, काळ्या स्पंजच्या रोलरला बोट लावू नका). बाहेर पडताना पंख्यासारखा चुरगळत असेल तर फ्यूजर किंवा एक्झिटचे रोलर. फ्यूजर दोनशे डिग्रीच्या आसपास तापतो, त्यामुळे बंद करून अर्धा तास तरी थांबा, मगच हात घाला.

आत काहीच नाही तरी जॅम दाखवतोय? मग सेन्सरची छोटी प्लास्टिकची दांडी अडकलीय किंवा तुटलीय. बोटाने हलवून सोडा, स्प्रिंगने लगेच जागेवर आली पाहिजे. म्हणूनच कागद नेहमी दोन्ही हातांनी, हळू, तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने ओढा, उलटा खेचला की ही दांडी मोडू शकते.

दुरुस्तीनंतर आधी २० पानं एका बाजूने काढा, मग २० दोन्ही बाजूंनी. फक्त दुसऱ्या वेळी अडकला तर मागचं डुप्लेक्सचं (दोन्ही बाजूंच्या छपाईचं) झाकण उघडून तिथे शोधा.