स्विच-राउटरचे लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर वेगळे कसे ठेवाल?

उबुंटूच्या लॉग सर्व्हरवर स्विच, राउटर, फायरवॉलचे संदेश येऊ लागले की ते सर्व्हरच्या स्वतःच्या संदेशांबरोबर सिसलॉग या एकाच फाइलीत पडतात. मग रात्री लिंक कधी पडली हे शोधायला ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) घेऊन बसा! लॉग गोळा करून फाइलींत लिहिणाऱ्या आरसिसलॉग या प्रोग्राममध्येच यावर उपाय आहे.

आधी वेगळं कशावरून करायचं ते ठरवा. फॅसिलिटीवरून, म्हणजे संदेशावरच्या प्रकाराच्या खुणेवरून, करता येतं. सिस्कोच्या उपकरणांवरची आयओएस प्रणाली मुळात लोकल७ ही फॅसिलिटी वापरते. पण दुसऱ्या कंपनीचं उपकरण तसंच वागेल असं नाही. होस्टनेम त्याहून बेभरवशाचं. सिस्कोच्या संदेशात बहुतेकदा ते नसतंच, आणि आरसिसलॉग त्या जागी जे सापडेल तेच नाव समजतो. भलत्याच नावांच्या फाइली तयार होतात त्या यामुळे. म्हणून पाठवणाऱ्याचा आयपी पत्ताच धरावा. तो फ्रॉमहोस्ट-आयपी या प्रॉपर्टीत मिळतो. फक्त मध्ये रिले, म्हणजे संदेश पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर, असेल तर रिलेचाच पत्ता दिसेल, हे ध्यानात असू द्या. राउटरवर लॉगिंगचा सोर्स इंटरफेस लूपबॅक (राउटरमधला कायम चालू राहणारा आभासी इंटरफेस) ठेवा, म्हणजे मार्ग बदलला तरी पत्ता बदलत नाही.

आता सर्व्हर. आरसिसलॉगच्या डी फोल्डरमध्ये (/etc/rsyslog.d) नवी कॉन्फ फाइल करा. तिच्यात यूडीपीचं इनपुट मॉड्यूल लोड करा आणि फाइलीच्या नावात आयपी घालणारं टेम्प्लेट लिहा. त्या टेम्प्लेटवर डायनाफाइलने (संदेशागणिक फाइलीचं नाव ठरवणारी सोय) लिहिणारा एक रूलसेट, म्हणजे नियमांचा वेगळा संच, करा आणि ५१४ पोर्टचं इनपुट त्या रूलसेटला बांधा. खरी मेख इथे आहे: बांधलेल्या इनपुटचे संदेश मूळ नियमांकडे जातच नाहीत, त्यामुळे सिसलॉग फाइल आपोआप स्वच्छ राहते. आरसिसलॉगच्या मुख्य कॉन्फ फाइलीत (rsyslog.conf) यूडीपीच्या ओळी आधीच चालू असतील तर त्या बंद करा.

व्हार-लॉगखाली (/var/log) नेटवर्कसाठी फोल्डर करून त्याची मालकी सिसलॉग या यूजरला द्या. रीस्टार्टपूर्वी आरसिसलॉगडी कमांडला मोठा एन आणि १ असा पर्याय (-N1) देऊन फाइल तपासा. फायरवॉलमध्ये यूडीपी ५१४ फक्त उपकरणांच्या सबनेटसाठी उघडा, कारण यूडीपीत पाठवणाऱ्याची ओळख कोणी तपासत नाही.

फाइल तयार होत नसेल तर टीसीपीडम्पने (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारी कमांड) ५१४ वर पाकिटं येतात का ते पाहा. येत असतील तर दोष बहुधा फायरवॉलचा, परवानगीचा किंवा नियमांचा.

राहिलं लॉगरोटेट, म्हणजे जुन्या लॉग फाइली ठराविक काळाने बाजूला काढून नव्या सुरू करणारी सोय. या फोल्डरसाठी वेगळा नियम लिहा आणि आरसिसलॉगच्या मूळ नियमातला फिरवल्यानंतरचा (postrotate) भाग त्यात जसाच्या तसा घ्या. तो विसरलात तर आरसिसलॉग जुन्याच फाइलीत लिहीत राहील.