टेस्ट पास, एक्स्टेन्शन गप्प: ब्राउझरचा मॉक लिहिताना या चुका टाळा

नागपुरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं शेवटच्या वर्षाला ब्राउझर एक्स्टेन्शन करायला घेतात आणि त्यातल्या काहींचा कोड माझ्याकडे तपासायला येतो. काटोल-नरखेडकडच्या मुलांच्या घरी संत्र्याच्या बागा असतात, त्यामुळे एक कल्पना हमखास येते. बाजार समितीच्या दरांचं पान उघडलं की संत्र्याची ओळ शोधायची, सर्वसाधारण दर काढायचा आणि भाव ठरलेल्या रकमेच्या वर गेला की सूचना दाखवायची. कल्पना उपयोगाची आहे. टेस्टही लिहिलेल्या असतात आणि सगळ्या पास होतात. क्रोममध्ये टाकल्यावर मात्र काहीच होत नाही.

युनिट टेस्ट नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतात. तिथे ब्राउझरचे एपीआय, म्हणजे ब्राउझरकडून काम करून घ्यायची फंक्शन्स, नसतात, म्हणून त्यांच्या जागी त्यांची नक्कल करणारा मॉक बसवावा लागतो. खरा ब्राउझर जे नाकारतो, ते हा मॉक बिनबोभाट करू देतो. बहुतेक घोळ इथेच होतो. म्हणून मॉक कडक करा. टेस्टची संख्या वाढवण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त होतो.

सगळ्या परवानग्या देऊन टाकणारा मॉक

क्रोम नावाचं एक मोठं ऑब्जेक्ट करायचं आणि त्यात अलार्म्स, स्टोरेज, स्क्रिप्टिंग, नोटिफिकेशन्स सगळं कोंबायचं, ही सर्रास दिसणारी पद्धत. खऱ्या क्रोममध्ये मॅनिफेस्टच्या (एक्स्टेन्शनची माहिती आणि परवानग्या नोंदवणारी फाइल) परमिशन्समध्ये अलार्म्स लिहिलं नसेल तर क्रोम.अलार्म्स ही वस्तूच अस्तित्वात नसते. पहिल्याच ओळीला अनडिफाइन्डची चूक येते आणि सर्व्हिस वर्कर, म्हणजे एक्स्टेन्शनचा पार्श्वभूमीत चालणारा कोड, सुरूच होत नाही. उपाय सोपा आहे: टेस्टच्या सेटअपमध्ये मॅनिफेस्टची फाइल वाचा आणि तिथे नोंदलेल्या परवानग्यांपुरतेच एपीआय मॉकमध्ये ठेवा. टॅब्सचं थोडं वेगळं आहे. ते परवानगीशिवायही मिळतं, पण टॅबचा पत्ता आणि शीर्षक मिळत नाही. मॉकनेही ते देऊ नये.

जुन्या लेखांवरून उचललेल्या मॉकमध्ये ब्राउझरअॅक्शन आणि टॅब्स.एक्झिक्यूटस्क्रिप्ट अजून सापडतात. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांच्या जागी अॅक्शन आणि स्क्रिप्टिंग.एक्झिक्यूटस्क्रिप्ट आलं आहे. जुनी नावं मॉकमधून काढूनच टाका, म्हणजे चुकीचा कोड टेस्टमध्येच अडकेल.

उत्तर पोचत नाही

लक्षण असं: पॉपअप पार्श्वभूमीला दर विचारतो आणि उत्तरात अनडिफाइन्ड येतं, किंवा उत्तर यायच्या आधीच पोर्ट बंद झाल्याचा संदेश कन्सोलमध्ये दिसतो. कोड पाहिला तर ऑनमेसेजचा लिसनर (संदेश आला की चालणारं फंक्शन) असिंक फंक्शन म्हणून लिहिलेला असतो. असं फंक्शन प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराचं आश्वासन, परत करतं. फायरफॉक्सच्या ब्राउझर.रनटाइममध्ये प्रॉमिस चालतं. क्रोममध्ये मात्र उत्तर उशिरा द्यायचं असेल तर लिसनरने अक्षरशः ट्रू परत करायचं, हाच खात्रीचा रस्ता आहे. लिसनर साधा ठेवा, आतून असिंक फंक्शन बोलवा आणि शेवटच्या ओळीत ट्रू परत करा.

सेंडमेसेजच्या जागी जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचं ठरलेलं उत्तर देणारं फंक्शन ठेवलं असेल, तर ही चूक कधीच पकडली जाणार नाही. मॉकने लिसनर खरोखर बोलवावा आणि त्याने काय परत केलं ते बघावं. ट्रू आलं नसेल आणि उत्तरही तिथल्या तिथे दिलं नसेल, तर मॉकने पोर्ट बंद करावा. पंधरा-वीस ओळींचं काम आहे, पण अशा चुकांचा शोध घेण्यात जाणारे तास वाचतात.

सर्व्हिस वर्कर मरतो, टेस्टमध्ये मात्र जिवंत राहतो

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवायला सांगतो. ३० सेकंद काही काम नसलं की क्रोम सर्व्हिस वर्कर बंद करतो. कालचा भाव वरच्या लेट व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल तर तो गेला. टेस्टमध्ये मॉड्यूल एकदा लोड होतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं, म्हणून व्हेरिएबल शाबूत दिसतं.

टेस्ट अशी लिहा: मॉड्यूल इम्पोर्ट करा, एक अलार्म वाजवा, मग रीसेटमॉड्यूल्स बोलवा, मॉकमधले जुने लिसनर काढा, स्टोरेज मात्र तसंच ठेवा. मॉड्यूल पुन्हा इम्पोर्ट करून दुसरा अलार्म वाजवा. दुसऱ्या वेळी कालचा भाव मिळाला पाहिजे. मिळाला नाही, तर तो स्टोरेज.लोकलमध्ये ठेवायला हवा होता. ब्राउझर बंद होईपर्यंतच हवा असेल तर स्टोरेज.सेशन पुरे.

लिसनर नोंदवायची जागाही महत्त्वाची. आधी अवेट लावून सेटिंग वाचायची आणि मग अॅडलिसनर करायचं, असा क्रम असेल तर वर्कर ज्या घटनेमुळे जागा झाला तीच घटना निसटते. फाइल नुसती चालवून झाल्या क्षणी, एकही प्रॉमिस पूर्ण व्हायच्या आत, लिसनर नोंदलेला आहे का ते टेस्टमध्ये तपासा.

सेटटाइमआउटऐवजी अलार्म्स वापरा, हे बहुतेकांना माहीत असतं. क्रोम १२०पासून अलार्मचा किमान कालावधी ३० सेकंद आहे, त्याआधी १ मिनिट होता. पण फोल्डरमधून अनपॅक्ड लोड केलेल्या एक्स्टेन्शनला ही मर्यादा लागू नसते! तुमच्या मशीनवर दर ५ सेकंदांनी वाजणारा अलार्म स्टोअरमधून घेतलेल्या एक्स्टेन्शनमध्ये तसा वाजणार नाही. मॉकमध्ये ३० सेकंदांखालचा आकडा आला की टेस्ट फेल करा.

आणि हाताने तपासताना सर्व्हिस वर्करचं डेव्हटूल्स उघडं ठेवू नका. ते उघडं असेपर्यंत वर्कर बंदच होत नाही. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य बरेचदा यातूनच येतं.

स्टोरेज आणि देवनागरी

मेमरीतलं साधं ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणून वापरलं की दोन गोष्टी लपतात. पहिली: गेटने दिलेलं ऑब्जेक्ट बदललं की मॉकमधलं मूळही बदलतं, त्यामुळे सेट करायला विसरलं तरी टेस्ट पास. दुसरी: मॅप किंवा सेट ठेवला तर मॉक तो जसाच्या तसा परत देतो, क्रोम मात्र रिकामं ऑब्जेक्ट देतो. ठेवताना आणि काढताना जेसनमधून फिरवून घ्या, दोन्ही चुका समोर येतात.

स्टोरेज.सिंकला मर्यादा आहेत: एका नोंदीला ८,१९२ बाइट, सगळं मिळून १,०२,४०० बाइट, मिनिटाला १२० लेखनं. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे जपायला हवं. ‘संत्रा’ या शब्दाची जावास्क्रिप्टमधली लेंग्थ ६ येते, पण यूटीएफ-८मध्ये तो १८ बाइट घेतो. म्हणजे एका नोंदीत अडीच हजारांच्या थोडं वरच देवनागरी चिन्हं मावतात. मॉकमध्ये लेंग्थ मोजू नका, टेक्स्टएन्कोडरने बाइट मोजा. जेएसडॉमच्या (नोडमध्ये वेबपानाची नक्कल करणारी लायब्ररी) वातावरणात टेक्स्टएन्कोडर सापडत नाही अशी तक्रार आली, तर तो नोडच्या युटिलमधून आणून ग्लोबलवर ठेवा.

पान वाचणाऱ्या कोडला मी नेहमी खरा मराठी मजकूर द्यायला लावतो. ‘३,२००’ मधला स्वल्पविराम काढून नंबरमध्ये बदलायला गेलात तर नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, असं मिळतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश-डी फक्त ० ते ९ चे इंग्रजी अंक ओळखतो, आणि बॅकस्लॅश-बी देवनागरी शब्दाची सीमा ओळखत नाही. आधी अंक बदलून घ्या. शब्दांसाठी यू फ्लॅग लावून युनिकोड प्रॉपर्टी वापरा, त्यात अक्षरांसोबत मार्क्सही घ्या, नाहीतर काना-मात्रा गळतील.

‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ्य तर तीन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो: स्वतंत्र ऱ वापरून, र आणि नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडणारं चिन्ह) यांनी. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोड मजकूर एकाच रूपात आणणं, पहिले दोन एक करतं, तिसरा वेगळा बदलून घ्यावा लागतो. फिक्स्चरमध्ये, म्हणजे टेस्टला द्यायच्या नमुना पानात, तिन्ही ठेवा. आवक नसलेल्या दिवसाचा, म्हणजे संत्र्याची ओळच नसलेला तक्ताही ठेवा.

जेएसडॉम पान मांडत नाही. गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट सगळीकडे शून्य देतं, इनरटेक्स्ट तर नाहीच. मजकुरासाठी टेक्स्टकन्टेन्ट वापरा. दिसतं की नाही, कुठे दिसतं, हे तिथे तपासू नका.

काय वापरावं

सायनन-क्रोम ही मॉकची तयार लायब्ररी जुनी झाली आहे, नव्या कामात घेऊ नका. वाइटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनासोबत डब्ल्यूएक्सटी या एक्स्टेन्शन फ्रेमवर्कवाल्यांचं फेक-ब्राउझर चांगलं बसतं. त्यात स्टोरेज खरोखर साठवतं, घटना हाताने घडवता येतात, आणि प्रत्येक टेस्टआधी रीसेट बोलावलं की आधीचे लिसनर उरत नाहीत. पण परवानग्या आणि बाइटच्या मर्यादा यांची तपासणी तुम्हीच वर चढवा.

यानंतर खऱ्या ब्राउझरमध्ये चार-पाचच टेस्ट ठेवा. प्लेराइट आणि पपेटिअर ही खरा ब्राउझर कोडने चालवणारी साधनं. प्लेराइटमध्ये एक्स्टेन्शन लोड करायला लाँचपर्सिस्टंटकॉन्टेक्स्ट लागतं, साधं लाँच चालत नाही. पपेटिअरमध्ये वर्करचं क्लोज बोलावून सर्व्हिस वर्कर मुद्दाम बंद करता येतो; त्यानंतर पॉपअप उघडून भाव येतो का बघा. जुन्या हेडलेस (खिडकी न दाखवता चालणाऱ्या) मोडमध्ये एक्स्टेन्शन चालत नव्हतं, नव्या मोडमध्ये चालतं. आणि एखाद्या दिवशी अचानक सगळ्याच टेस्टना एक्स्टेन्शन सापडेनासं झालं, तर आधी ब्राउझर कोणता आहे ते बघा. गूगलच्या ब्रँडेड क्रोममधून आवृत्ती १३७ला लोड-एक्स्टेन्शन हा फ्लॅग काढला आहे. क्रोमियम किंवा क्रोम फॉर टेस्टिंगवर तो अजून चालतो.