गिअरबॉक्स बदलला, पण गिअर पडेना? बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी या चुका तपासा

जुना बॉक्स काढून दुसरा चढवला, गाडी स्टँडवरून खाली घेतली आणि रिव्हर्स टाकताना खर्रकन वाजलं, की पहिला संशय बॉक्सवरच येतो. त्यात तो भंगार बाजारातून आणलेला असेल तर विचारायलाच नको. पण बॉक्स पुन्हा उतरवायचा तर दिवस जातो, आणि सोयाबीन-कापूस मोंढ्यावर न्यायच्या दिवसांत पिकअप उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून दोष कुठे आहे ते आधी बाहेरूनच ठरवा.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. एखादा अडलाच तर गाडी थोडी पुढेमागे ढकला. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनवरच अडतात, याचा अर्थ बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि बॉक्स वेगळे होत नाहीत. खात्रीसाठी सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, पेडल तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्हीचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे घाईने टाकला तर चांगल्या क्लचवरही खरखर होते. थांबूनही वाजला, तर इनपुट शाफ्ट (क्लचमधून बॉक्समध्ये जाणारा दांडा) अजून फिरतोय.

आता पेडल भराभर तीन-चार वेळा मारा. तेवढ्याने गिअर नीट पडायला लागला, तर क्लचच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलकडचा, ऑइल ढकलणारा) रबर किट गेलंय. हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल (हवा सोडायचा स्क्रू) सैल करायचा आणि पेडल सोडण्याआधी घट्ट करायचा. बदललेल्या बॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर (बॉक्सकडचा, क्लच दाबणारा) कधी कधी उलटा बसतो आणि निपल खालच्या बाजूला येतो. मग कितीही वेळा हवा काढा, वर अडकलेला बुडबुडा तिथेच राहतो. अशा वेळी सिलिंडर सोडून निपल वर येईल असा धरा आणि हवा काढा. फक्त पुशरॉड (पिस्टनची दांडी) आत दाबून ठेवा, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. क्लचचं ऑइल म्हणजे ब्रेक ऑइलच; डॉट 3 की डॉट 4, ते टाकीच्या झाकणावर असतं. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, रबर फुगतं.

हवा नाही, तरी क्लच सुटत नाही? मग सर्वांत जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट मोजा: स्लेव्हच्या पुशरॉडची चाल. एकाने पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजावं, आणि आकडा बॉक्स ज्या गाडीचा आहे तिच्या मॅन्युअलशी ताडून बघावा. मास्टर एका गाडीचा आणि स्लेव्ह दुसरीचा असला की इथेच घोळ होतो. 19.05 मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) मास्टरऐवजी 15.87 मिमीचा लावला, तर पेडल हलकं लागतं, पण स्लेव्हची चाल साधारण 70 टक्क्यांवर येते. ही तूट भरायला काही जण मास्टरचा पुशरॉड लांब करतात. तेच चुकतं. पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) संपतो आणि ऑइल टाकीत परत जायचं छिद्र झाकलेलं राहतं. एप्रिल-मेच्या उन्हात इंजिनजवळचं ऑइल तापून फुगतं, त्याला परतीची वाट नसते, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग दाबलेलंच राहतं आणि भरलेली गाडी औट्रम घाट चढताना क्लच घसरायला लागतो. उपाय एकच, योग्य बोअरचा सिलिंडर.

चाल पुरेशी आहे आणि तरीही क्लच सुटत नाही, तेव्हाच बॉक्स उतरवा. आत बहुतेक बसवतानाच्या चुका सापडतात. क्लचप्लेट उलटी लागलेली असते. फ्लायव्हीलकडची बाजू प्लेटवर लिहिलेली असते, ती वाचूनच बसवा. बोल्ट जुळवताना बॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर लटकू दिला, तर प्लेटचा हब वाकतो. बेलहाउसिंग (बॉक्सचं इंजिनला जोडणारं पुढचं तोंड) हाताने इंजिनला टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका: प्लेट मध्यावर नाही, स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) जुळत नाहीत किंवा शाफ्ट लांब आहे. नवी प्लेट आधी हातानेच शाफ्टवर सरकवून बघितली तर ही वेळ येत नाही. बॉक्स मध्यावर बसवणाऱ्या डॉवेल पिन जुन्या बॉक्ससोबत भंगारात गेल्या नाहीत ना, हेही बघा. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला ज्यात बसतं ते) जाम असेल तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरतच राहतो. स्प्लाइनला ग्रीस अगदी पातळ लावा. जास्त झालं तर ते क्लचप्लेटच्या लायनिंगवर उडतं आणि गाडी उचलताना थरथरते.

इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असेल, तर केबल-लिंकेज न्यूट्रलमध्ये नव्याने सेट करा, झिजलेले बुश बदला. गिअर चालत्या गाडीत उडत असेल, म्हणजे आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर आधी लिव्हर फ्लोअरच्या पत्र्याला अडतो का ते बघा. अडत असेल तर गिअर पूर्ण बसतच नाही, तेवढा पत्रा कापा. मग बॉक्सचं माउंटिंग तपासा.

गिअर ऑइलही बॉक्सच्या मॅन्युअलप्रमाणेच हवं. पितळी सिंक्रो असलेल्या बॉक्सला जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल, तर डिफरन्शियलचं उरलेलं जीएल-5 ओतू नका. ते जास्त निसरडं असतं, सिंक्रोची पकड लागत नाही आणि त्यातली काही रसायनं पितळेला खातात. गाडी सपाट जागेवर उभी करून लेव्हलच्या छिद्रातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत भरा.