पुराचं पाणी लागलेल्या गाडीचा मेन रिले कसा तपासायचा

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही, चावी ऑन केली तरी चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जोडला जात नाही. हे सगळं एकत्र दिसलं तर इंधनाच्या पंपाच्या मागे न लागता आधी मेन रिले बघा, म्हणजे सप्लाय जोडणारा विजेवर चालणारा स्विच. बहुतेक गाड्यांत ईसीएम आणि इंजेक्टरचा सप्लाय त्यातूनच जातो. सांगलीत ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल, तर रिलेपेक्षा त्याच्या सॉकेटवर (रिलेचे पाय ज्या खाचांत बसतात त्यावर) संशय जास्त ठेवा. गंज आत शिरलेला असतो आणि त्रास पुढच्या पावसाळ्यात सुरू होतो.

आधी बॅटरी. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा. सेल्फ मारताना साडेनऊच्याही खाली उतरत असेल, तर रिले नुसता टकटकतो आणि उगाच बदलला जातो.

रिलेवर आराखडा छापलेला असतो. ३० वर बॅटरीचा सप्लाय येतो, ८७ मधून पुढे जातो, ८५-८६ कॉइलचे (रिले ओढणारं तारेचं वेटोळं). काही रिलेंवर १, २, ३, ५ असे आकडे असतात. तिथे बहुधा १-२ कॉइल आणि ३-५ पॉइंट (सप्लाय जोडणारे-तोडणारे संपर्क). अगदी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम.

कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ६० ते १२० ओहम यायला हवा. आत डायोड असेल तर आकडा वेगळा येतो, शिवाय १२ व्होल्ट देताना प्लस-मायनस चुकवू नका. 'टक' आवाज आला म्हणजे पॉइंट चांगले, असं नाही. ३० ला बॅटरी, ८७ ला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडा, रिले ओढलेला असताना मीटर ३० आणि ८७ वर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पॉइंट जळालेत.

रिले पास झाला तर सॉकेट. ३० च्या खाचेत मीटर १२ दाखवेल, त्यावर विसंबू नका. तारेच्या चार बारीक पदरांतूनही मीटरला १२ मिळतात. तोच बल्ब त्या खाचेतून अर्थला (बॅटरी मायनसला) लावा. मंद पेटला तर वायर, फ्यूज किंवा टर्मिनल आतून खाल्लंय. कॉइलच्या दोन खाचांपैकी एकीत सप्लाय असतो, दुसरीला बऱ्याच गाड्यांत ईसीएम अर्थ देतो. त्या दुसऱ्या खाचेला बल्ब कधीच लावू नका, ईसीएमचा ड्रायव्हर (आतला अर्थ देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जाईल. मीटरचा लाल प्रोब बॅटरी प्लसवर, काळा त्या खाचेत, चावी ऑन: १२ च्या आसपास आलं तर ईसीएम हुकूम देतोय. न आल्यास ईसीएमचा चावीचा सप्लाय आणि अर्थ तपासा. रिले चालू असताना ईसीएमच्या अर्थवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप (व्होल्टेजची घट) नको. ईसीएमचा दोष सगळ्यात शेवटी धरा.

स्कॅनर जोडला गेला तर कोड बघा. पी ०६८५ हा कॉइलच्या बाजूचा, पी ०६८८ हा रिलेतून बाहेर येणारा व्होल्टेज ईसीएमला न दिसल्याचा.

सॉकेटचं टर्मिनल हिरवं पडलं असेल तर पॉलिश पेपरने घासू नका, वरचा कथलाचा थर निघतो आणि महिन्याभरात परत गंजतं. नवीन टर्मिनल क्रिंप करा (तारेवर दाबून बसवा). पकड तपासायला जुन्या रिलेचा एक पाय कापून खाचेत घाला. सहज निसटला तर टर्मिनल फाकलंय. खंबाटकी घाटात हादऱ्याला बंद पडून आपोआप चालू होणारी गाडी बऱ्याचदा एवढ्यावरच सुधारते.

उलटाही प्रकार असतो. चावी काढल्यावर काही सेकंदांनी रिले सुटला पाहिजे. सुटला नाही तर पॉइंट चिकटलेत, आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळते.