कोप्यांवर पहिल्यांदाच जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

दसरा झाला की वाळवा, पलूस, कडेगाव आणि पलीकडच्या कराड तालुक्यातल्या रस्त्यांवर ऊसतोड कुटुंबांना घेऊन येणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, धान्याची पोती, भांड्यांची पाटी, एखादी शेळी आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसलेली मुले असतात. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून जशी ही कुटुंबे येतात, तशी आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्यातूनही ती बाहेर पडतात. पुढचे चार-पाच महिने कारखान्याजवळच्या मोकळ्या रानातल्या तळावर, उसाच्या पाचटाच्या (वाळलेल्या पानांच्या) आणि ताडपत्रीच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये त्यांचा संसार चालतो. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी याच काळात तिथे जातात. या हंगामात जे प्रथमच जाणार आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

मी मिरजेची. सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर पूर्ण करावे लागते. त्या तासांपैकी काही तास भरण्यासाठी मी वाळवा तालुक्यातल्या एका तळावर गेले आणि नंतर समाजकार्याच्या पदवीचे क्षेत्रकार्यही तिथेच मागून घेतले. आता नऊ हंगाम झाले. आता नवे विद्यार्थी माझ्याबरोबर येतात आणि पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाकडून त्याच चुका होतात, ज्या माझ्याकडून झाल्या होत्या. त्या चुकांमागे वाईट हेतू मुळीच नसतो. आपल्याला त्या घराचा दिवस ठाऊक नसतो, एवढेच त्याचे कारण असते.

आमचा पहिला गट सकाळी अकराला वह्या, रंगीत खडू आणि एक फळा घेऊन तळावर पोहोचला, तेव्हा तिथे सात-आठ लहान मुले, एक बाळंतीण आणि बांधलेल्या शेळ्या यांखेरीज कोणीही नव्हते. माणसे पहाटे चारच्या अंधारातच फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात गेली होती. चिटबॉय, म्हणजे तोडणीचे फड नेमून देणारा कारखान्याचा माणूस, दाखवेल त्या फडात तोडणी करायची, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत चढवायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्रीच उठून ती भरायची, असा तो दिवस असतो. परत आल्यावर बायकांना पाणी, सरपण आणि भाकऱ्या यांतून मोकळीक नसते. म्हणून तळावर कधी जायचे हे आपल्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकावरून ठरवता येत नाही. आदल्या संध्याकाळी मुकादमाला (मजुरांची टोळी घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला) किंवा टोळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला फोन करून उद्याचा फड किती लांब आहे आणि गाडी कधी भरणार आहे हे विचारावे, आणि मगच निघावे.

पैशाचा हिशेबही पहिल्याच आठवड्यात समजून घेतला पाहिजे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि ती बहुधा लग्नात, आजारपणात, घराच्या पत्र्यांत किंवा मागच्या देण्यात केव्हाच खर्च झालेली असते. नंतरचे सगळे महिने ती उचल फेडण्यासाठी तोडणी चालते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि तो टनामागे 366 रुपयांच्या आसपास गेला. मी पाहिलेली जोडपी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. एक दिवस कामावर गेले नाही की ‘खाडा’ धरला जातो आणि त्याचे पैसे अंगावर चढतात. हे एवढे माहीत असेल, तर अंगात ताप असतानाही बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात का जात नाही, हे तिला विचारण्याची वेळच येत नाही. केंद्राची तपासणी सकाळी असते आणि सकाळी ती चार-सहा किलोमीटरवर फडात असते. ‘ह्यांना आरोग्याची जाणीव नाही’ असे वाक्य माझ्या पहिल्या अहवालात मी स्वतः लिहिले होते. ते वाक्य मला आजही सलते. पुढच्या वर्षी आम्ही आरोग्य सेविकेला विनंती करून संध्याकाळी सातला तळावरच तपासणी ठेवली, तेव्हा पहिल्या तासाभरातच तीसेक बायका रांगेत उभ्या राहिल्या.

कपड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण दर वर्षी कोणीतरी जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन येतेच. आम्हीही मिरजेतल्या घराघरांतून साड्या गोळा केल्या होत्या. त्यांत जरीच्या, झिरझिरीत, काही थोड्या फाटलेल्या अशा साड्या होत्या. एका वयस्कर बाईंनी हातात दिलेली साडी दोनदा उलगडून पाहिली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत देत म्हणाल्या, “ताई, ही फडात एक दिस टिकायची नाही. जुना सदरा असंल तर द्या, लांब बाह्यांचा.” तेव्हा माझे लक्ष प्रथमच गेले की तळावरची प्रत्येक बाई साडीवर पुरुषाचा सदरा घालून कामाला जाते. उसाचे पान करवतीसारखे कापते आणि देठावरची बारीक कूस अंगात रुतून बसते. त्या बाईंनी स्वतःचा सदरा मला दाखवला. उजव्या बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत चार वेगवेगळ्या कापडांची ठिगळे होती, आणि त्यांतले सर्वांत जाड ठिगळ मोळी खांद्यावर टेकते तिथे नव्हे, तर उसाची बुडे कवेत घेताना हात जिथे घासतो तिथे होते. त्या एका बाहीने मला तोडणीबद्दल जेवढे शिकवले, तेवढे कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नाही. तेव्हापासून आम्ही साड्या गोळा करत नाही. लांब बाह्यांचे सदरे, बॅटऱ्या आणि मुलांसाठी बंद बूट एवढेच मागतो, आणि तेही तळावर विचारून.

आपल्या भागातल्या मुलांवर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या गोष्टीचा मोठा संस्कार असतो. रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिले, हे आपण शाळेत ऐकत आलेलो असतो. त्यामुळे मदत म्हणजे देणे, आणि जितके अधिक देऊ तितके चांगले, अशी आपली समजूत होते. त्या वसतिगृहात मुले स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि आपल्या शिक्षणाचा खर्च कामातून उचलत, ही गोष्टीची दुसरी बाजू मात्र तेवढ्या आवडीने सांगितली जात नाही. कोप्यांवर जाताना मला ती बाजू अधिक जवळची वाटते. तिथली माणसे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक काम करतात. त्यांना कशाची अडचण आहे हे त्यांनाच नेमके माहीत असते.

आता शाळेविषयी. तळावरचे आमचे मुख्य काम हेच आहे आणि मन सर्वांत जास्त थकते तेही इथेच.

माझ्या दुसऱ्या हंगामात नऊ वर्षांची एक मुलगी रोज आमच्या वर्गाच्या कडेला उभी राहत असे. कडेवर दहा महिन्यांचा भाऊ असे. तिला वाचता येत होते. फळ्यावर लिहिलेले शब्द ती भावाच्या कानाशी हळू आवाजात म्हणत असे. मी तिच्या आईला तीन वेळा गाठून शिक्षणाचे महत्त्व सांगितले. तिसऱ्या वेळी तिने हातातले पीठ परातीत ठेवले आणि शांतपणे विचारले, “मग लेकराला कुणी धरावं, ताई? फडात नेलं तर पाचटात निजवावं लागतं. तिथं साप निघत्यात.” माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने मला उलट बोल लावला नव्हता. तिने एक खरा प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर शोधणे हे माझे काम होते. मी मात्र तीन भेटी तिला समजावण्यात घालवल्या होत्या.

त्या रात्री आम्ही गटाने बसून तळावरच्या प्रत्येक शाळाबाह्य मुलाच्या नावापुढे, ते मूल घरासाठी कोणते काम करते हे लिहून काढले. कोणी लहान भावंड सांभाळत होते, कोणी पाणी भरत होते, कोणी शेळ्या राखत होते, तर मोठी मुले वाढे, म्हणजे चाऱ्यासाठीचे उसाचे हिरवे शेंडे, विकायला जात होती. ती यादी समोर आल्यावर कामाची दिशाच बदलली. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी तळावरच एका कोपीत पाळणे बांधले आणि तळावरच्या एका बाळंतिणीने व एका आजीने ती मुले दिवसभर पाहावीत, असे टोळीतल्या बायकांनी आपसांत ठरवले. तीन ते सहा वयाच्या मुलांची नावे गावच्या अंगणवाडीत घातली. दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलांनाही अंगणवाडीचा आहार मिळू शकतो, हे बऱ्याच आयांना ठाऊकच नव्हते. पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करून टँकरची वेळ सकाळी शाळेआधीची करून घेतली. एवढे झाल्यावर ती मुलगी शाळेत आली. पहिले आठ दिवस ती मधल्या सुट्टीत तळापर्यंत पळत जाऊन भावाला पाहून येत असे. शिक्षकांना आम्ही ते आधीच सांगून ठेवले होते आणि त्यांनी तिला कधीही अडवले नाही.

प्रवेशाच्या वेळी शाळेत कागद मागितले जातात, तेव्हा घाबरू नये. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला बसवून घ्यावे लागते आणि मुलाला त्याच्या वयानुरूप इयत्तेत घेतले जाते. एका शाळेत मला दारातच ‘दाखला आणा, मग बोला’ असे सांगितले गेले होते. मी तावातावाने कायद्याचे कलम म्हणून दाखवले आणि प्रवेश मिळाला, पण त्या मुलांना वर्गात शेवटच्या रांगेत वेगळे बसवले गेले. आता आम्ही प्रथम केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटतो, त्यांच्याबरोबर शाळेत जातो आणि मुलांचा पहिला दिवस गावातल्या मुलांबरोबर खेळाने सुरू करतो. कायदा सोबत ठेवावाच, फक्त तो काढायची घाई करू नये.

शिधापत्रिकेचेही तसेच. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 मध्ये प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य ठरवून दिलेले आहे, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ‘एक देश एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे बीडचे कार्ड वाळव्याच्या दुकानातही चालते. तरीही अनेक घरांत मुलांची नावे कार्डावर नसतात, आधार जोडलेले नसते किंवा कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. गावी राहिलेल्या सासू-सासऱ्यांनी आपल्या वाट्याचे धान्य तिथे उचलले तरी उरलेल्यांचे इथे उचलता येते, हे दुकानदाराला सांगून, त्याच्याबरोबर थांबून एकदा करून दाखवावे लागते. या कामाला एक अख्खी सकाळ जाते. बाईचा खाडा होणार नाही, असा दिवस त्यासाठी निवडावा.

तुमच्या स्वतःच्या मनाविषयीही लिहायला हवे. पहिल्या भेटीनंतर बसमध्ये रडू येईल. मलाही आले होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, मात्र ते तळावर, त्यांच्या समोर येऊ देऊ नये, कारण मग दिवसभर थकलेल्या त्या बायका तुमचीच समजूत घालत बसतात. मी हे पाहिले आहे. संध्याकाळी गटाने एकत्र बसून जे पाहिले ते बोलावे, लिहावे. घरी जेवताना घास अडकत असेल, तर मार्गदर्शक शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. चहा पुढे आला तर तो प्यावा. ‘तुमच्यातला कशाला’ असे म्हणून नाकारलेला चहा फार लागतो.

स्वतःच्या खिशातून गुपचूप पैसे देऊ नयेत. मी एका आजारी बाईला पाचशे रुपये दिले होते. चार दिवसांत तळावर चर्चा झाली, तिच्या नवऱ्याला मुकादमाने टोमणे मारले, आणि ती बाई पुढे आमच्याशी बोलेनाशी झाली. तिला खरी गरज औषधापेक्षा गाडीची होती. 108 ची रुग्णवाहिका आणि गरोदर बायकांसाठी 102 हे क्रमांक प्रत्येक कोपीच्या मेढीवर लिहून ठेवणे, हे मी त्याच वेळी करायला हवे होते. एखाद्या मुलाला मारहाण होत असल्याचे किंवा अल्पवयीन मुलीच्या लग्नाची बोलणी चालल्याचे कानावर आले, तर आपण मध्ये पडून तोडगा काढू नये. 1098 या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर कळवावे आणि मार्गदर्शकांना त्याच दिवशी सांगावे.

छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि वह्या घेताना हात पुढे केलेल्या मुलाचे तर विचारूनही काढू नये. आमच्या गटातल्या एकाने असे छायाचित्र मोबाइलवरून सगळीकडे पाठवले. ते फिरत फिरत त्या मुलाच्या गावी, त्याच्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोहोचले. पुढच्या हंगामात तो मुलगा आई-बापांबरोबर आला, पण आमच्या वर्गात पाऊल टाकले नाही.

शेवटची गोष्ट मार्चमधली. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झाले, की तळ दोन दिवसांत रिकामा होतो, आणि तो केव्हा पडेल हे आधी कोणी नक्की सांगत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीसच शाळेतून प्रत्येक मुलाचे शिक्षण हमी कार्ड भरून घ्यावे. इथे किती दिवस हजेरी लागली आणि मूल कुठपर्यंत शिकले हे त्यावर असते, आणि ते पाहून गावची शाळा त्याला पुढे बसवून घेते. ते कार्ड मुलाच्या दप्तरात देऊ नका. आईच्या हातात द्या. त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईने ते घेतले, उसाचा चीक लागलेले हात आधी सदऱ्याला पुसले, आणि पत्र्याच्या पेटीत सगळ्यात तळाशी, उचलीच्या हिशेबाच्या वहीत ते ठेवले.