श्रीहरिकोट्याला प्रक्षेपण पाहायला जाताना

श्रीहरिकोट्याच्या सतीश धवन अंतराळ केंद्रातून होणारे प्रक्षेपण प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर आधी परतीच्या तिकिटाचा विचार करावा. हवामानामुळे किंवा तांत्रिक अडचणीमुळे प्रक्षेपण अगदी शेवटच्या तासातही पुढे ढकलले जाते. १५ जुलै २०१९ रोजी अवघी ५६ मिनिटे उरली असताना चांद्रयान-२ ची उलटी गणती थांबवण्यात आली आणि यान निघाले ते २२ जुलैला. एवढी रजा प्रत्येकाला मिळणार नाही, पण दोन-तीन दिवस तरी मोकळे ठेवूनच घर सोडावे.

सर्वसामान्यांसाठीची प्रेक्षक गॅलरी २०१९ मध्ये सुरू झाली. तिची नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर प्रक्षेपणाच्या काही दिवस आधी सुरू होते आणि जागा भराभर भरतात. म्हणून तारीख जाहीर झाल्यापासून संकेतस्थळावर रोज नजर ठेवावी. प्रवेशाच्या वेळी मूळ ओळखपत्र जवळ असावे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी चेन्नई गाठावी आणि तेथून लोकलने सुल्लुरुपेटा स्थानकावर उतरावे. पुढचा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधल्या या बेटाची निवड विचारपूर्वक झाली आहे. पूर्वेकडे झेपावणाऱ्या अग्निबाणाला पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आयता मिळतो आणि गळून पडणारे टप्पे वस्तीवर न पडता समुद्रात पडतात. ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेकडे जाताना मात्र श्रीलंका टाळण्यासाठी वळण घ्यावे लागते व त्यात इंधन खर्च होते. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे लहान अग्निबाणांसाठी नवे केंद्र उभारले जात आहे, त्यामागे हेच कारण आहे.

प्रक्षेपणाच्या क्षणी आवाजाची वाट पाहू नये, कारण प्रकाश आधी पोहोचतो. क्षितिजावर झाडांच्या वर नारिंगी उजेड फुटतो, पांढऱ्या धुराचा लोट उसळतो, अग्निबाण निःशब्द वर चढू लागतो, आणि दर किलोमीटरमागे सुमारे तीन सेकंद या हिशेबाने उशिरा आलेला गडगडाट कानांपेक्षा छातीतच अधिक जाणवतो. ढग असतील तर सारे दृश्य मिनिटभरातच संपते. तरीही लगेच उठू नये. चांद्रयान-३ उड्डाणानंतर सुमारे १६ मिनिटांनी अग्निबाणापासून अलग झाले होते. ती घोषणा होईपर्यंत गॅलरीतल्या पडद्यासमोर बसून राहावे.