चार दिवसांचा चुना : मॉडेल रणगाड्यांवरील सरावखुणा

रणगाड्याच्या मॉडेलबरोबर जो डिकॅलचा (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांचा) कागद मिळतो, त्यावर राष्ट्रचिन्हे, पथकांची चिन्हे आणि नोंदणी क्रमांक असतात. पण युद्धसरावात दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून रणगाड्यांवर ज्या खुणा केल्या जातात, त्या त्यावर क्वचितच सापडतात. या खुणा मोजक्या दिवसांसाठी असतात. चुना, खडू, धुऊन निघणारा रंग, कापड किंवा चिकटपट्टी, जे हाताशी असेल त्याने त्या केल्या जातात आणि सराव संपला की पुसल्या जातात. म्हणूनच मॉडेलवरही त्या हाताने केलेल्या आणि थोड्या उडालेल्याच दिसल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

काम सुरू होते छायाचित्रापासून. नाटोच्या ‘रिफॉर्जर’ या सरावमालिकेची (१९६९ ते १९९३) असंख्य छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली केली आहेत. शोधताना सरावाच्या नावापुढे वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहावेत आणि रणगाड्याचे नाव ‘एम-६०’ असे मध्ये आडवी रेघ देऊन लिहून पाहावे, कारण जुन्या चित्रओळींत ते तसेच लिहिलेले असते. ब्रिटिशांच्या १९८४ मधील ‘लायनहार्ट’ सरावासाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह पाहावा. आम्हा इंदूरकरांना महूची छावणी हाकेच्या अंतरावर असली, तरी छावणीत छायाचित्रे काढण्याचा विचारही करू नये; आणि चौकाचौकांत मांडलेले जुने रणगाडे पुन्हापुन्हा रंगवलेले असल्याने त्यांच्यावर सरावखुणा शिल्लक नसतात.

छायाचित्र मिळाले की ते खरोखर सरावाचेच आहे ना, हे आधी तपासावे. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात शिरलेल्या सोव्हिएत गटाच्या रणगाड्यांवरचे लांब पांढरे पट्टे सरावाचे नव्हते. दोन्हीकडे एकाच बनावटीचे रणगाडे असल्यामुळे आपले कोणते हे कळावे म्हणून ते ओढले होते. १९९१ च्या आखाती युद्धातली उलट्या ‘व्ही’ची खूणही तशीच प्रत्यक्ष लढाईतली आहे. याउलट अमेरिकी रणगाड्याच्या बुरुजाभोवती, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाभोवती, छोट्या काळ्या गोट्यांसारखे संवेदक बसवलेले पट्टे दिसले, तर तो लेसरच्या साहाय्याने केलेला सराव समजावा. खूण आणि रणगाड्याची रंगसंगती एकाच काळातली असावी, हेही पाहिले पाहिजे: अमेरिकी वाहनांवर सत्तरच्या दशकात चार रंगांची नक्षी होती, तर ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नाटोची तीन रंगांची नक्षी आली.

आता माप. ज्या भागाचे खरे माप ठाऊक आहे, तो भाग छायाचित्रात शोधावा. सोव्हिएत टी-५५ रणगाड्याच्या साखळीवर धावणाऱ्या मोठ्या चाकाचा व्यास ८१० मिलिमीटर, तर जर्मन लेपर्ड १ च्या चाकाचा ६६० मिलिमीटर आहे. समजा, छायाचित्रात टी-५५ चे चाक २७ मिलिमीटर आणि त्याच्या कडेच्या पत्र्यावरचा पट्टा १० मिलिमीटर भरला, तर खरा पट्टा सुमारे ३०० मिलिमीटर रुंद ठरतो; म्हणजे १/३५ प्रमाणात साडेआठ मिलिमीटर आणि १/७२ मध्ये चार मिलिमीटरच्या किंचित वर. चित्र अगदी बाजूने घेतलेले असेल तरच हे गणित विश्वासाचे आहे. बुरूज चाकापेक्षा कॅमेऱ्यापासून दूर असतो, त्यामुळे बुरुजावरची खूण चाकावरून मोजली तर ती लहान येते.

घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, म्हणून पांढऱ्या खुणांसाठी डिकॅल छापण्याच्या भानगडीत पडू नये. सरळ पट्टे आणि फुल्या मास्किंग टेप कापून होतात. अंकांसाठी मी नंबर प्लेटचे रेडियम कापून देणाऱ्या दुकानात जातो; तो माणूस संगणकावरून अंकांचा साचा कापून देतो, मात्र पाच मिलिमीटरहून लहान अंक मला त्याच्याकडून कधी स्वच्छ मिळाला नाही. रेडियमचा चिकटपणा जबर असतो. साचा आधी दोन-तीनदा तळहातावर चिकटवून काढावा, नाहीतर खालचा रंग त्याच्यासोबत उचलून येतो.

ज्या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, ती आता येते. मूळ रंग पूर्ण वाळल्यावर खुणेच्या जागी साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके हात द्यावेत आणि वीस मिनिटे थांबावे. त्यावर साचा लावून पाण्यात पातळ केलेला पांढरा ॲक्रिलिक रंग भरावा; त्यात मातकट रंगाचा एक थेंब मिसळला की चुन्याचा मळकटपणा येतो. साचा काढल्यानंतर तासाभराच्या आत आखूड केसांचा ब्रश ओला करून कडांवरून आणि सैनिक चढउतार करताना जिथे पाय ठेवतात तिथून हळू घासावे. पाणी खालच्या हेअरस्प्रेत मुरते आणि पांढरा रंग बारीक कपच्यांनी सुटू लागतो, खालचा हिरवा जसाच्या तसा वर येतो. एका जागी चार-पाच वेळा फिरवले की थांबून पाहावे. सुटलेली कपची परत लावता येत नाही.

नारिंगी खूण गडद हिरव्यावर थेट दिली तर मळकट तपकिरी दिसते, म्हणून खाली आधी पांढरा द्यावा. खूण कापडाची असेल तर पातळ टिश्यू पेपर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून बुरुजावर घड्यांसकट बसवावा, वाळल्यावर रंगवावा आणि कोपऱ्यांना दोऱ्याची बारीक बंधने द्यावीत. खडूने लिहिलेल्या आकड्यांसाठी टोक काढलेली पांढरी जलरंगाची पेन्सिल पुरते, पण वार्निशखाली तिचा पांढरेपणा विरतो. म्हणून खडूचे काम वार्निशनंतर, सर्वांत शेवटी करावे.

त्या वार्निशबद्दल एक काळजी. श्रावणातल्या एका दमट संध्याकाळी मी गच्चीवर टी-५५ वर स्प्रेचा शेवटचा हात दिला आणि सकाळी संपूर्ण बुरूज दुधाळ झालेला दिसला. हवेतला ओलावा वार्निशच्या थरात अडकला होता. महिन्याभराच्या कामावर पाणी पडल्याचे दुःख मला अजून आहे. इंदुरात पावसाळ्यात हा हात कोरड्या दिवशी, भर दुपारी द्यावा. तसा दिवस मिळत नसेल तर मॉडेल डब्यात झाकून नवरात्रापर्यंत ठेवून द्यावे.